मदत हवी आहे: साडेचार आणि सव्वादोन वर्षांची दोघं, आठ दिवस घरी, एकत्र खेळवायचं कसं?

मंडळी, घाईत लिहितोय, दोघं झोपलीयेत आणि धाकटा कधीही उठेल. मी आठ दिवसांची सुट्टी टाकलीय, कुठे जायचं नाही, फक्त घरी राहून मुलांशी खेळायचं असं ठरवूनच घेतलीय. बायकोला रजा नाही त्यामुळे दिवसभर आम्ही तिघंच. मोठी साडेचार वर्षांची, धाकटा सव्वादोन.

खेळायला काय द्यावं हा प्रश्न नाहीये. पहिल्या दिवशी वॉशिंग मशीनचा रिकामा खोका माळ्यावरून काढला आणि त्याची बस झाली. मोठीने कागदी प्लेटचं स्टीअरिंग चिकटपट्टीने लावलं, स्केचपेनने बटणं काढली (त्यातलं एक 'भूक लागली तर' दाबायचं), मला तिकीट काढायला लावलं आणि मी गुडघे छातीशी घेऊन मागच्या सीटवर तासभर प्रवास केला. कित्येक महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने येऊन ते स्टीअरिंग ओढलं. चिकटपट्टीसकट निघालं, वर खोक्याचा कागदही सोलून आला आणि आतल्या नळ्यानळ्या दिसायला लागल्या. मोठी रडली नाही, त्या सोललेल्या जागेवरून बोट फिरवत बसली. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं, तो लहान आहे ना." तर म्हणाली, "मी पण लहानच आहे."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. दर वेळी तिनेच का सोडायचं? आणि त्याला लांब ठेवावं तर तोही दारापाशी उभा राहून "मी, मी" करत राहतो, ते पण बघवत नाही. टीव्ही लावून एकाला बसवायचं नाहीये, त्यासाठी सुट्टी घेतलेली नाही. ज्यांच्या घरी असं दोन-अडीच वर्षांचं अंतर आहे त्यांनी कृपया सांगा, दोघांना एका खेळात घेता येतं का? की वेगवेगळंच खेळवायचं? आणि भांडण झालं की मी मध्ये पडायचं की थांबायचं?

प्रतिसाद:
आधी एक, धाकटा तिचं मोडायला म्हणून मोडत नाहीये. ह्या वयाची मुलं बहुतेक शेजारी बसून आपापलं खेळतात, ठरवून मिळून खेळणं नंतर येतं. मिल्ड्रेड पार्टन ह्या संशोधक बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून हे टप्पे मांडले होते, पॅरलल प्ले (शेजारी बसून आपापलं खेळणं) हा शब्द तिथलाच. म्हणजे 'एकत्र' ह्याचा अर्थ एकाच खोलीत, एकाच प्रकारचं सामान पण दोन ढीग, इतकाच धरा.

आमच्याकडे चाललेलं सांगते. मोठ्याचं बांधकाम टेबलावर, धाकटीचा हात पोचणार नाही तिथे, आणि जमिनीवर मी तिच्यासाठी मनोरे रचायचे, ते पाडणं हेच तिचं काम. थोड्या दिवसांनी मोठाच तिच्यासाठी मनोरे रचायला लागला, कारण पडल्यावर ती जे हसायची ते त्याला ऐकायचं असायचं. आणि तुमच्या धाकट्याची दुपारची झोप ही पूर्ण मोठीची वेळ ठेवा, तेव्हा फोनसुद्धा नको. बारीक मणी, छोटे ब्लॉक्स तेव्हाच काढा आणि तो उठायच्या आत मोजून आत टाका. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही. बटण सेलवाली खेळणी पण एकदा तपासा, झाकण स्क्रूने बंद हवं, तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

मध्ये पडायचं का, तर हात उचलला किंवा चावलं तर लगेच. नाहीतर शेजारी जाऊन बसा आणि दिसतंय तेवढंच बोला, "तुझं स्टीअरिंग निघालं, तुला वाईट वाटलं." लहान आहे ना, हे मात्र खरंच बंद करा.

प्रतिसाद:
पळायला मिळतंय का दोघांना? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्ये ह्या दोन्ही वयांना दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, आणि स्क्रीन एका तासाच्या आत, कमी असेल तर अजून चांगलं. उशा जमिनीवर टाकून डोंगर-पाणी खेळा, ह्यात मोडण्यासारखं काही नसतं आणि दोघांना एकच नियम कळतो. आमचे दोघं तर संध्याकाळपर्यंत उशांवरून उतरायचेच नाहीत.

प्रतिसाद:
दोन वाट्या कॉर्नफ्लॉर आणि एक वाटी पाणी परातीत कालवा. जोरात थापटलं की घट्ट, हात सैल सोडला की ओघळतं. प्रत्येकाला वेगळी परात!! उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, वाळवून कचऱ्यात. आणि बादलीत पाणी घेऊन खेळलात तर उठताना लगेच रिकामी करा, अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी मोठीला विचारलं की बसमध्ये धाकट्याला कुठली जागा द्यायची, तिने बराच वेळ विचार केला आणि खोक्याच्या मागच्या बाजूला स्वतः एक चौकोन काढून दिला, म्हणाली बाबा हे कापून दे, हा त्याचा दरवाजा. तो दिवसभर त्या दरवाजातून आत-बाहेर करत होता, पुढे फिरकलाच नाही. दुपारी तो झोपल्यावर आम्ही दोघांनी नवीन स्टीअरिंग बसवलं, ह्या वेळी चार भोकं पाडून सुतळीने बांधलं. गाठ तिने मारली, मी फक्त प्लेट धरून होतो. संध्याकाळी एकदा जोरदार भांडण झालंच, मी नुसता जवळ बसलो, आपोआप मिटलं.

आता मागे दरवाजा कापल्यामुळे खोक्याचं छप्पर खचायला लागलंय आणि अजून चार दिवस बस चालवायची आहे. आतून टेकू कशाचा द्यावा, धाकट्याला लागणार नाही असा? कोणी केलं असेल तर सांगा.