मदत हवी आहे: पारंपरिक तिरंदाजीसाठी रीकर्व घ्यावं की लाँगबो?

नमस्कार मंडळी,

इथे तिरंदाजी करणारं कुणी असेल तर फार बरं होईल. महिनाभर माझं डोकं याच एका प्रश्नात अडकलंय.

मी इंग्लंडात हॅम्पशरमध्ये राहते, वय 43. वसंतात इथल्या क्लबात नवशिक्यांचा कोर्स पुरा केला आणि सभासद झाले. आता दर रविवारी सकाळी मैदानावर असते. धनुष्य क्लबाचंच वापरते: लाकडी रायझरचं (म्हणजे मधल्या, मुठीच्या तुकड्याचं), तीन तुकड्यांत सुटं होणारं, टोकं पुढे वळलेलं रीकर्व. ओढ, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, 20 पाउंड. कोर्सभर त्याला साइट (नेम धरायला धनुष्यावर लावतात तो ठिपका) होती आणि डावा डोळा मिटून नेम धरायला शिकवलं होतं. कोर्स संपल्यावर मीच साइट काढून मागितली. दोन्ही डोळे उघडे ठेवून, नजर लक्ष्यावर रोखून बाण सोडण्यात जो आनंद आहे, तो मला साइटच्या ठिपक्याशी झटापट करताना कधी मिळाला नाही. तेव्हापासून बाण जरा डावीकडे जातात, पण रिलीज (दोरी सोडायची पद्धत) सुधारला की सरळ होतील असं प्रशिक्षक म्हणतात.

आता स्वतःचं धनुष्य घ्यायचंय, आणि पारंपरिकच घ्यायचंय.

मन लाँगबोकडे धावतंय. पोर्ट्समथ इथून जवळ आहे. तिथल्या संग्रहालयात आठव्या हेन्रीचं मेरी रोझ हे जहाज आहे. 1545 साली बुडालं, 1982 साली वर काढलं, आणि त्यात 130 च्या वर अखंड लाँगबो सापडली. यू नावाच्या झाडाचं लाकूड, चारशेहून जास्त वर्षं समुद्राच्या गाळात राहिलेलं. काचेपलीकडची ती धनुष्यं माझ्याहून उंच. ना वळलेली टोकं, ना बाण ठेवायची खाच. नुसती एक तासलेली काठी, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळती. लहानपणी आजोळी मामा वेताला सुतळी बांधून आम्हाला धनुष्य करून द्यायचा, ते आठवलं आणि मी तिथून हलेचना. लेक पुढच्या दालनात जाऊन परत आली तरी मी तिथेच उभी.

माझी माहिती अशी. उंची 5 फूट 4 इंच, ड्रॉ लेंथ, म्हणजे मी दोरी ओढते ते अंतर, साधारण 26 इंच. उजव्या हाताने ओढते. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला होता, तो आता मोकळा आहे, पण जास्त जोर पडला की दुसऱ्या दिवशी ठणकतो.

क्लबातले एक आजोबा त्यांचं जुनं इंग्लिश लाँगबो स्वस्तात द्यायला तयार आहेत. मुठीजवळ शाईने 38 @ 28 असं लिहिलंय. एका दुकानात फोन केला तर ते म्हणाले, 40 चं रीकर्व घ्या, ताकद आपोआप येते.

आजोबांचं धनुष्य घेऊ का? की आधी रीकर्ववर दोन-तीन वर्षं काढावीत? लाँगबोने सुरुवात केली तर नेम कायमचा बिघडतो, असंही एकाने सांगितलं. हे खरं आहे का?

प्रतिसाद १

ताई, आधी तो 40 पाउंडांचा सल्ला डोक्यातून काढून टाका. आखडून गेलेल्या खांद्याच्या माणसाला असं सांगणं मला अजिबात पटत नाही.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, अकरा वर्षं दोन्ही प्रकारची धनुष्यं वापरतोय. आकाराचा प्रश्न दुसरा, ओढीचा पहिला. धनुष्यावर लिहिलेला आकडा 28 इंच ओढल्यावरचा असतो. तुम्ही 26 वर थांबता. दर इंचामागे साधारण दोन पाउंड कमी धरा, हलक्या धनुष्याला त्याहून थोडे कमी. म्हणजे क्लबाचं 20 तुमच्या बोटांवर 17 च्या आसपास येतं आणि आजोबांचं 38 येतं 34 च्या आसपास. थेट दुप्पट. ही उडी एका दमात मारली तर पहिल्या महिन्यात काय होतं ते सांगतो. हात अँकरपर्यंत (पूर्ण ओढल्यावर तो चेहऱ्याशी जिथे टेकतो तिथपर्यंत) पोचायच्या आत बोटं सुटू लागतात, खांदा कानाशी चढतो, आणि ही सवय पुढे काही केल्या मोडत नाही. नेम बिघडतो तो असा. लाँगबोने बिघडत नाही.

आता आकाराचं. रीकर्वची टोकं पुढे वळलेली असतात आणि दोरी त्या वळणावर टेकलेली असते. ओढायला लागलं की ती हळूहळू उचलली जाते. त्यामुळे जोर सुरुवातीलाच भरतो आणि शेवटचे दोन इंच अंगावर येत नाहीत. शेवटची ओढ तितकीच असली तरी साठलेली ताकद जास्त, म्हणून बाण वेगाने आणि सपाट जातो. लाँगबोची दोरी फक्त दोन्ही टोकांच्या खाचांना लागते, मध्ये कुठेच टेकत नाही. काही स्पर्धांच्या नियमांतही लाँगबो ओळखायची ही एक खूण आहे. बाण जरा सावकाश जातो आणि लांबवर जास्त खाली येतो.

हातातला फरक मात्र कागदावर समजत नाही. रीकर्वचा रायझर जड, तो स्वतःच स्थिर राहतो. लाँगबो काठीसारखं हलकं. बाण सुटला की उरलेला धक्का मनगटात येतो, मुठीवर हापशाचा दांडा आदळावा तसा. काहींना तो सोसत नाही. मला आवडतो.

सुट्या रीकर्वचा मोठा फायदा म्हणजे लिंब्स, म्हणजे रायझरच्या वरची-खालची वाकणारी पाती, बदलता येतात. आज 20, सहा महिन्यांनी 24, मग 28, रायझर तोच. लाँगबोला ही सोय नाही. तुमच्या जागी मी असतो तर रीकर्वच घेतलं असतं.

प्रतिसाद २

नमस्कार ताई. मी सातपुड्याच्या पायथ्याशी शाळेतल्या मुलांना तिरंदाजी शिकवतो. इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारातली मुलं आहेत, बांबूची धनुष्यं, 30 आणि 50 मीटर.

वरच्या दादांचं ओढीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. शेवटचा सल्ला मात्र पटला नाही. आमच्याकडे भिल्ल घरांतली पोरं तिरकामठ्यावर वाढलेली असतात. बांबूचा कामठा, बांबूच्याच सालीची दोरी, अंगठा न लावता बोटांनी ओढायचं. साइट नाही, बाण टेकवायची रेस्ट नाही. त्या पोरांच्या हातात पुढे दुसरं धनुष्य दिलं तर त्यांचा नेम बिघडलेला मी एकदाही पाहिलेला नाही. उलट त्यांना बाणाची वाट डोळ्यांनी कळते, ती इतरांना शिकवायला माझं वर्ष जातं.

तुमचं मन मेरी रोझवर आहे. घरात रीकर्व आलं तरी तुम्ही दुसऱ्याच्या लाँगबोकडे बघत राहाल. घ्या लाँगबो, पण तुमच्या 26 इंचांवर 26 ते 28 भरेल असं. तेही एकदम नको. मध्ये काही महिने क्लबाकडून 24 ची लिंब्स लावून घ्या.

आजोबांचं धनुष्य घेणार नसलात तरी बघायला शिका, पुढे उपयोगी पडेल. दोरी न लावता एका टोकाकडून डोळा लावून बघा, पिळलंय का. तुमच्याकडच्या बाजूला, म्हणजे धनुष्याच्या पोटावर, नख फिरवा. आडव्या बारीक सुरकुत्या लागल्या तर तिथलं लाकूड दबून मोडायला लागलंय. पाठीवर उठलेली ढलपी दिसली तर ते धनुष्य ओढूसुद्धा नका. मग दोरी चढवून लांबून बघा, दोन्ही पाती सारखी वाकतात का.

आणि लाकडी धनुष्य पूर्ण ओढून धरून ठेवायचं नाही. अँकरला आलं की सोडायचं. बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही. काम झालं की दोरी उतरवायची. रीकर्वची सवय असलेले इथेच चुकतात.

प्रतिसाद ३

दोघांनीही एक गोष्ट सोडली. ताई, साइट होती तेव्हा डावा डोळा मिटत होतात आणि बाण ठीक जात होते. दोन्ही डोळे उघडल्यावर डावीकडे जायला लागले. मला हे रिलीजचं वाटत नाही. तुमचा प्रबळ डोळा कोणता आहे?

दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटा त्रिकोण करा आणि त्यातून दूरचा एखादा खांब बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब त्रिकोणातच दिसतो तो प्रबळ. बाण उजव्या डोळ्याखाली आणि बघतोय डावा डोळा, असं असेल तर टोक नकळत डावीकडे वळतं आणि बाणही तिकडेच जातो.

क्लबाचे बाण तुमच्या धनुष्याला फार ताठ असले तरी उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण डावीकडे जातात. म्हणून पुढच्या रविवारी सहा बाण दोन्ही डोळे उघडे ठेवून मारा आणि सहा डावा मिटून. बाण तेच ठेवा. फरक पडला तर गोष्ट डोळ्याची आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३, तुम्ही माझं वर्ष वाचवलंत.

त्रिकोण स्वयंपाकघराच्या खिडकीत करून बघितला, समोरच्या घराच्या धुरांड्यावर. उजवा डोळा मिटला तर धुरांडं जागच्या जागी. डावा मिटला तर ते गायब, हातावर नुसती भिंत. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. लेकीकडून पंजे धरवून पुन्हा बघितलं, तरी तेच.

रविवारी बारा बाण मारले. उघड्या डोळ्यांचे सहा पिवळ्याच्या डावीकडे, निळ्यात आणि काळ्यात. डावा मिटून सहा, तर चार लाल-पिवळ्यात. प्रशिक्षकांना दाखवलं. तेही क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, डाव्या हाताने ओढून बघ.

आता नवा पेच. डोळा मिटून खेळायचं नाही, कारण त्यासाठी तर मी साइट काढली. मग 43 व्या वर्षी हात बदलायचा का? आणि खांद्याचं काय?

प्रतिसाद १

बदला. तुम्ही जेमतेम सहा महिने शिकलाय, अजून काही पक्कं झालेलं नाही. पाच वर्षं झाली असती तर मी दोनदा विचार करायला सांगितलं असतं.

खांद्याबद्दल एक ध्यानात ठेवा. डावखुरं ओढलं म्हणजे उजव्या खांद्याला सुट्टी मिळत नाही. जितक्या जोराने एक हात ओढतो तितक्याच जोराने दुसऱ्याला धनुष्य रेटून धरावं लागतं, फक्त जोराची दिशा बदलते. फिजिओला 20 चं धनुष्य दाखवून विचारा.

आणि इथे मला माझा आधीचा सल्ला मागे घ्यायला हवा. रीकर्वचा रायझर डावा किंवा उजवा असतो, कारण बाण ठेवायची शेल्फ एकाच बाजूला कापलेली. शेल्फ असलेल्या अमेरिकन फ्लॅटबोचंही (चपट्या पात्यांच्या धनुष्याचंही) तसंच. तुमचं इंग्लिश लाँगबो तसं नाही. त्याला शेल्फच नाही, बाण धनुष्य धरणाऱ्या हाताच्या मुठीवर टेकतो. वरचं टोक वर ठेवलं की ते कोणत्याही हाताने चालतं. हात बदलायच्या काळात, पुढे काय ठरेल याची खात्री नसताना, ही जात अशी आहे की ती वाया जाणार नाही.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहितेय.

फिजिओने परवानगी दिली, हळूहळू वाढवायच्या अटीवर. क्लबाच्या कोठीत एक जुनं लाँगबो होतं, 28 @ 28, म्हणजे मला 25 च्या आत. सुरकुत्या, ढलपी, पीळ सगळं तपासलं. मग आजोबांनी स्वतः दोरी चढवून दिली आणि उजव्या हातात जाड हातमोजा घालायला सांगितलं. मी तो पहिल्या बाणाला घातला नव्हता. पिसाच्या दांडीने तर्जनीच्या पेरावर बारीक चरा उमटवला. पिसं लावलेला बाण मुठीवरून निघतो म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

15 मीटरवर, डाव्या हाताने, दोन्ही डोळे उघडे. सहा बाण सगळीकडे पांगले. वर, खाली, एक गवतात. पण डावीकडे झुकलेला एकही नाही. आणि आवाज! रीकर्वची दोरी लिंब्सवर परत आपटते तो टणत्कार इथे नाहीच. एक हलका ठप् आणि मग बाण लागल्याचा आवाज.

आजोबांचं 38 नाही घेतलं. त्यांना कारण सांगितलं तर त्यांनीच धनुष्य बनवणाऱ्या एका कारागिराचा पत्ता दिला. माझ्या 26 इंचांवर 28 भरेल असं सांगितलंय. हिकरी लाकडाची पाठ, लेमनवुड लाकडाचं पोट, टोकांना शिंगाच्या खोबणी. यू माझ्या ऐपतीबाहेर. चार महिने लागतील. तोवर क्लबाचं डावखुरं रीकर्व भाड्याने घेतलंय, आधी 20 आणि पुढे 24.

एकच राहिलं. लाकडी बाण मागवायचे आहेत. स्पाइन (बाणाचा ताठपणा) कोणती आणि लांबी किती?

प्रतिसाद २

वा ताई, फार बरं वाटलं.

लाँगबोची मूठ मध्येच येते, त्यामुळे बाणाला तिला वळसा घालून जावं लागतं. म्हणून तो रीकर्वच्या बाणापेक्षा नरम हवा. 28 च्या धनुष्याला 25-30 पाउंडांच्या स्पाइन गटापासून बघा, पण डझन घेऊ नका. 20-25 चे तीन आणि 25-30 चे तीन मागवा आणि मारून बघा. डावखुऱ्याचं उलटं असतं हे लक्षात ठेवा: ताठ बाण उजवीकडे जातो, नरम डावीकडे. लांबी 28 इंच ठेवा, फाळ मुठीच्या पुढे राहायला हवा. बाणाचं वजन धनुष्याच्या ओढीच्या दर पाउंडाला 10 ग्रेनपेक्षा (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) कमी नको. फार हलका बाण लाकडी धनुष्याला सोसत नाही.

पिसं खरीच घ्या, प्लॅस्टिकची नकोत. ती मुठीवर आपटून बाण उडवतात. आणि हातमोजा पहिल्या बाणापासून.