कॉलेजच्या मॅगझिनची आयडिया मांडली तेव्हा लोकांनी काय ऐकवलं? अनुभव लिहा

उंबरठा
लेक काल कॉलेजातून आली ती वहीत चौकोन पाडतच बसली. वार्षिक अंकाऐवजी दर दोन महिन्यांनी छोटं मॅगझिन काढायचंय, शुक्रवारी वर्गापुढे आयडिया मांडायचीय, आणि "आई, सगळे नुसते छान म्हणाले तर मला कळणार कसं" हा तिचा प्रश्न. मला एकदम आमचं सांगलीतलं नव्वदीतलं कॉलेज आठवलं, म्हणून हा धागा.

तेव्हा आम्हाला वाटायचं चार कथा, कविता आणि एक जहाल संपादकीय असलं की अंक झाला. सर म्हणाले मला पटवू नका, पोरांना पटवा. वर्गात उभं राहून विचारलं तर सगळ्यांचं छान आहे, छान आहे. मग हाताने लिहून एक डमी केली, वाचनालयाच्या टेबलावर ठेवली, सुतळीला पेन्सिल बांधली आणि वर लिहिलं, काहीही लिहा, नाव नको. ते 'नाव नको' कामाला आलं बघा. माझ्या कथेखाली कुणीतरी लिहिलं, "मग ती मेली का नाही? नीट सांगा." संपादकीयावर फुली-गोळा खेळलेला. आणि शेवटच्या पानावर जागा उरली म्हणून आम्ही एसटीच्या वेळा टाकल्या होत्या, तासगाव, विटा, जत वगैरे, ते पान तर कुणीतरी फाडूनच नेलं! अर्धी पोरं रोज गावाकडून येऊन-जाऊन करणारी, शेवटचा तास लांबला की गाडी गेली. मग खऱ्या अंकात वेळा घेतल्या मागच्या कव्हरवर आणि त्याच्या आतल्या बाजूला कविता, म्हणजे स्टँडवर वाट बघताना नजर पडेल. एका मुलीने स्टँडवरच मला गाठून कवितेतला चुकीचा ऱ्हस्व दाखवला, म्हणजे एकीने तरी वाचली.

तुमचं सांगा, लेकीला वाचून दाखवणार आहे.

गवती_चहा
आमच्याकडे मॅगझिन म्हणजे प्राचार्यांचे फोटो आणि मधे मधे जाहिराती. आयडिया बियडिया मांडायची पद्धतच नव्हती. 'ती मेली का नाही' ला हसून हसून पुरेवाट.

खिळेजुळारी
वडिलांचा छापखाना, त्यामुळे मी कायम टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. पोरं यायची ती ऐटीत, काका अंक ५० पानांचा आहे. बाबा म्हणायचे ४८ करा नाहीतर ५२, मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात, आणि ४८ केलीत तर १६ चे बरोब्बर तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घालायची १६ पानं म्हणजे एक फर्मा), कागद वाया जात नाही. झालं, चेहरे पडायचे. दोन पानं कमी म्हणजे कुणाची तरी कविता जाणार, मग आमच्याच ओट्यावर बसून भांडणं, आईने चहा करायचा. पण एक सांगते, त्या पोरांचा पहिला खरा वाचक बाबाच. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवताना अक्षर अन् अक्षर डोळ्याखालून जायचं, ते सरळ सांगायचे, "तिसऱ्या पानावर मला जांभई आली, जुळवणाऱ्याला आली तर वाचणाऱ्याला येणारच." काही जण रागवायचे, काही तिथेच बसून लेख कापायचे. पुढे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, आलं आणि कुणी काही वाचेनासंच झालं, फाइल आली की छापा.

मु_पो_बिबवेवाडी
@खिळेजुळारी बाबांना दंडवत. खिळे अजून आहेत का हो? मला 'ळ' हवाय, शोकेसमध्ये ठेवायला.

खिळेजुळारी
भंगारात गेले हो सगळे, किलोवर :(

कुकरची_शिट्टी
भाजी टाकलीय गॅसवर, पटकन लिहिते. आमचं २०२० चं, लॉकडाऊन, सगळं ऑनलाइन. आम्ही मस्त पीडीएफ बनवली, ए-फोर, दोन कॉलम, रंगीत बॅकग्राउंड, ग्रुपवर टाकली. बदामच बदाम आले. गुगल फॉर्म पाठवला तर त्यातही पाचपैकी पाच. मग एका मैत्रिणीने फॉर्ममध्ये एकच प्रश्न ठेवला, कुठल्या पानावर वाचणं सोडलंत? तिथे कळलं, बहुतेक जण दुसऱ्या पानावरच थांबलेले, फोनवर झूम करा, डावीकडे सरका, उजवीकडे सरका, कोण करेल! आणि आमच्या वर्गातला एक मुलगा, त्याला दिसत नाही, त्याने व्हॉइस मेसेज केला की माझा फोन तुमचा अंक वाचताना नुसता बरळतो. कारण मजकूर श्रीलिपीतला. त्या जुन्या फॉन्टात आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त मराठी आकार दिसतो, त्यामुळे स्क्रीन रीडरला, म्हणजे फोनमधल्या मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला, ती मराठी वाटतच नाही. पुढचा अंक युनिकोडमध्ये, एकच कॉलम, बॅकग्राउंड पांढरं. दिसायला साधा झाला, आमचा डिझायनर रुसला, पण त्याच मुलाने त्यात क्रिकेटवर लिहिलं आणि सगळ्यात जास्त रिप्लाय त्याच लेखाला. करपतंय, पळते.

गवती_चहा
"कुठल्या पानावर सोडलंत" भारी प्रश्न. आमच्या ऑफिसच्या न्यूजलेटरला हाच विचारते उद्या, नोकरी गेली तर धाग्यावर येऊन सांगेन.

खडूफळा
मी शिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. ६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, आमच्याकडे भित्तिपत्रक लागतं. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' सुरू झालं, त्यात एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी मजकूर असायचा. एका वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलीने तसंच दोन रकान्यांचं भित्तिपत्रक सुचवलं. मला वाटलं हौस आहे, चार दिवस चालेल. ती मांडत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, कविता दोन भाषांत कशाला, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचं करा की. बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली पोरं हसली, मराठी माध्यमातली नाही हसली. तिने तिथल्या तिथे अर्धी आयडिया बदलली. एका रकान्यात प्रयोग इंग्रजीत, शेजारी तोच साध्या मराठीत. व्हर्नियर कॅलिपरच्या कागदापुढे जर्नल घेऊन उतरवणारी गर्दी मी पाहिलीय. कवितांपुढे नाही पाहिली, आणि मी मराठीचा मास्तर आहे.

आंबाडेवाला
गोव्यातून. आमच्या अंकात मराठी, कोंकणी, इंग्रजी, हिंदी असे विभाग, आणि मीटिंग म्हणजे कुणाला किती पानं यावरच. मी आयडिया मांडली की विभागच नकोत, सगळं मिसळून छापू. शांतता. मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. तेवढ्यापुरती सगळ्या भाषांची एकी झाली, माझ्याविरुद्ध.

मु_पो_बिबवेवाडी
@आंबाडेवाला हाहाहा

अवांतर: @उंबरठा सांगलीकर आहात तर विचारतो, लसूण घातलेलं तिखट भडंग आता कुठलं चांगलं? मामाकडून यायचं, मामा आता पुण्यात.

उंबरठा
@बिबवेवाडी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, इथे दुकानाचं नाव घेतलं तर जयसिंगपूरवाले भांडायला येतील.
@कुकरची_शिट्टी तुमचा प्रतिसाद लेकीने दोनदा वाचला. म्हणते फॉर्म नको, डमीच ठेवणार, फक्त पेन्सिल नाही, बॉलपेन. आणि @खिळेजुळारी, तिची पानं ३० होती, आत्ता २८ केलीत, कवितांवरून फोनवर भांडण चालू आहे.

जयसिंगपूरची_सून
आले भांडायला. भडंग आमचंच.