नॅनो का नाही चालली? मास्लोमध्ये बसवायचीये, बसत नाहीये

बॅकबेंचर_पुणे:
मंडळी, कन्झ्युमर बिहेविअरला मॅडमनी नॅनोची केस दिलीये आणि मास्लो लावायचाय. म्हणजे त्या मानसशास्त्रज्ञाच्या गरजांच्या पायऱ्या, पुस्तकात पिरॅमिड काढून दाखवतात त्या. आधी पोटापाण्याचं, मग सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मानसन्मान वगैरे. आता पावसात स्कूटरवर चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांना ही गाडी सुचली, म्हणजे सरळसरळ सुरक्षिततेची गरज. किंमत १ लाख (टॅक्स वगैरे सोडून). २००९ ला बुकिंग उघडलं तर २ लाखांच्या वर अर्ज आले, लॉटरी काढावी लागली. आणि मग गुजरातमधल्या साणंदचा प्लांट वर्षाला अडीच लाख गाड्यांचा असून विक्री त्याच्या जवळपास पण गेली नाही, २०१८ मध्ये जवळजवळ खेळ खलास. गरज होती, परवडत होती, मग माशी शिंकली कुठे? "भारतीयांना स्टेटस लागतं" एवढंच लिहिलं तर दोन मार्क मिळतील फक्त.

शटरडाऊन:
भावा मी तेव्हा साताऱ्याकडे जुन्या गाड्यांच्या धंद्यात होतो. नॅनोच्या पैशात लोक जुनी मारुती ८०० घेऊन जायचे, हसत हसत. कारण बघ, गाडी दारात आली की नारळ फुटणार, वहिनी हळदकुंकू लावणार, बोनेटवर स्वस्तिक, मग पेढे, आणि पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी विचारणारच, कितीला पडली? जुन्या गाडीचा आकडा जरा फुगवून सांगता येतो, कोण तपासतंय. नॅनोची किंमत पेपरात छापून आलेली, शेंबड्या पोराला पण पाठ.

अश्विनी_के:
स्टेटस स्टेटस करून सगळं खपवू नका हो. बंगालमधल्या सिंगूरहून प्लांट हलला २००८ च्या ऑक्टोबरात, साणंद सुरू झालं २०१० ला, मधल्या काळात टाटांच्याच उत्तराखंडातल्या पंतनगरच्या प्लांटहून थोड्या थोड्या गाड्या येत होत्या, तोपर्यंत लोकांचा उत्साह राहणार कसा? त्यात काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या. सुरक्षित म्हणून विकायची आणि टीव्हीवर ती जळताना दिसायची! आणि डिकी बाहेरून उघडायचीच नाही, सामान आतून सीट पाडून ठेवायचं. उघडणारी डिकी आली २०१५ ला. गावाहून येताना तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी, आत्याने दिलेलं काहीबाही, हे कोंबायचं कुठे? ही पण गरजच आहे की, पिरॅमिडात नसली तरी.

बॅकबेंचर_पुणे:
ताई म्हणजे कल्चर नाही, प्रॉडक्टच गंडलं असं लिहू?

रिटायर्ड_मास्तर:
दोन्ही लिही, पण आधी मास्लो नीट वाच. लेख १९४३ चा, आणि पायऱ्यांचा क्रम पक्का नसतो, उलटसुलट होतो हे त्याने त्यातच सांगितलंय. पिरॅमिडचं चित्र तर त्याचं नव्हेच, ते मागाहून मॅनेजमेंटवाल्यांनी काढलं. आपल्याकडे जमीन गहाण टाकून पोरीचं लग्न थाटात करणारा माणूस त्या चित्रात कुठल्या पायरीवर बसवणार?
माझ्या मते खरी गोम अशी. पोरगं पुढे उभं, बायको मागे एका बाजूने बसलेली, मधे धाकटं, हे त्या स्कूटरवाल्याचं रोजचंच. धोका टाटांना दिसला. त्या माणसाला फार तर पावसाचा वैताग होता, आणि त्यावर उपाय म्हणजे रेनकोट. गाडी तो घेणार होता ते "आता आपणही गाडीवाले" म्हणून, भावकीत, सासुरवाडीला दाखवायला. त्यालाच जाहीर सांगितलं, घे, जगातली सगळ्यात स्वस्त गाडी! रतन टाटा स्वतः २०१३ च्या मुलाखतीत म्हणाले होते की "सगळ्यात स्वस्त" हा शिक्का लोकांनी मारला आणि आमच्या मार्केटिंगनेही मारला, ते दुर्दैवी. पुढे २०१४ ला पॉवर स्टिअरिंगवाली नॅनो ट्विस्ट आणली, पण तिची किंमत सव्वादोन लाखांच्या पुढे, जवळपास त्याच भावात मारुतीची अल्टो ८०० सुरू होत होती. मग कोण घेतंय?

शटरडाऊन:
मास्तर एक नंबर. फक्त एक, शहरात दुसरी गाडी म्हणून घेणारे होते बरं का. डॉक्टर लोक, बँकेतल्या मॅडम, पार्किंगला बेस्ट. घरी मोठी गाडी असली की छोटी मिरवायला कुणाला लाज वाटत नाही.

बॅकबेंचर_पुणे:
हे भारी आहे, टाकतो. सिंगूरचं कुठल्या हेडिंगखाली घेऊ पण?

अश्विनी_के:
मार्केटिंगच्या चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) मधल्या प्लेसखाली, वितरणात. आणि अल्टोच्या किमती शेजारी टेबलमध्ये टाक, मॅडमना टेबल आवडतात.