दागिन्यांच्या रेंडरला जेपीईजी चालते का?

गुजरी_थ्रीडी: कोल्हापुरातल्या गुजरीतल्या सराफ दुकानांसाठी साज-ठुशीचे रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून संगणकानं काढलेली चित्रं) करणाऱ्यांनी जेपीईजी बंदच करावी, असं माझं मत. मरून पार्श्वभूमीवर सोन्याची बारीक तार घ्या, क्वालिटी ८० ला सेव्ह करा, ३०० टक्के झूम करा. तारेला लागून मळकट धूर दिसेल. जेपीईजी ८×८ पिक्सेलच्या चौकोनांत काम करते. चौकोनात धारदार कड आली की भोवती लहरी उठतात. पीएनजीत एक पिक्सेल हलत नाही.

शिरोली_कॅड: भावा, लहरी थोड्या, खरी घाण ४:२:० ची, म्हणजे रंगाची माहिती कमी करून साठवायच्या सबसॅम्पलिंगची. त्यात उजेड पूर्ण राहतो, पण रंग चार पिक्सेलना मिळून एकच. लाल-सोनेरी कड मग मळणारच. गिंप या फोटो-एडिटरमध्ये एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंग ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) आणि क्वालिटी ९२ ठेव, बराचसा धूर जातो. फाइल वाढते, तरी पीएनजीपेक्षा लई लहान. फुल एचडीचा कच्चा डेटाच ६२ लाख बाइट, त्यात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडर-इंजिनची नॉइज, म्हणजे दाणे, असले तर पीएनजी दाबणार काय?

गुजरी_थ्रीडी: मग आधी डीनॉइज करा की! पीएनजी शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधते आणि फक्त फरक साठवते. सपाट पार्श्वभूमी त्यामुळंच इतकी कमी जागा घेते. दाणे आले की अंदाज चुकतो. ब्लेंडरमधलं पीएनजीचं कॉम्प्रेशन खुशाल १०० करा, दर्जा तोच राहतो, सेव्हला वेळ लागतो इतकंच. आणि पारदर्शक पार्श्वभूमी मागितली तर जेपीईजी काय देणार?

राजारामपुरी_वेब: वेबसाइटसाठी लॉसलेस (काहीच न गमावणारी) वेबपी घ्या. पारदर्शकता मिळते, बहुतेक वेळा पीएनजीपेक्षा लहानही होते. लॉसी (थोडी माहिती टाकून देणारी) वेबपी मात्र इथं नको, ती कायम ४:२:० च.

शिरोली_कॅड: वेबसाइटला ठीक, पण फ्लेक्सवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरात वेबपी उघडली तर सांगा. अन् एक, क्वालिटीचा आकडा सारखा ठेवून तुलना करू नका. जेपीईजीचा ८० आणि वेबपीचा ८० यांचा काडीचा संबंध नाही. सारख्या केबीच्या फाइल करा, मूळ रेंडरवर लेयर टाकून डिफरन्स मोड लावा, म्हणजे फक्त फरक उरतो, मग लेव्हल्स ताणा. कुठं काय गेलं ते उजळून दिसतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की ते पुन्हा दाबतं.

गुजरी_थ्रीडी: डिफरन्सचं मान्य, जेपीईजीचं नाही. निदान मूळ रेंडर तरी १६ बिट (रंगाच्या जास्त बारीक पायऱ्यांच्या) पीएनजी किंवा ईएक्सआर या तितक्याच बारकाईच्या फॉरमॅटमध्ये ठेवा. जेपीईजीची परत पीएनजी केलीत तर डाग तसेच राहतात, वर फाइल फुगते.