सेक्स डॉल खरंच हिटलरनं बनवून घेतली होती का?

रंकाळा_कट्टा: काल मिसळ खाताना एकजण छातीठोकपणे सांगत होता की सेक्स डॉल हिटलरनं सैनिकांसाठी बनवून घेतली आणि बार्बी पण त्यातनंच आली. गुगल केलं तर नुसत्या विकायच्या जाहिराती, त्यात लॅपटॉप घरचा. दात काढू नका, इतिहास विचारतोय.

गंगावेस१२: हिटलरची थाप हाय भावा, एक अस्सल कागद सापडलेला नाही. बार्बीचं थोडं खरं हाय. जर्मनीत बिल्ड नावाच्या पेपरातल्या कार्टूनवरनं १९५५ ला लिली नावाची बाहुली निघाली, फूटभर उंच, बापय लोक एकमेकांना चेष्टेत गिफ्ट द्यायचे, पण ती काय सेक्स डॉल नव्हती. बार्बी काढणाऱ्या रूथ हँडलरनं ती स्वित्झर्लंडमधी बघितली नि १९५९ ला बार्बी आली.

कलानिकेतनवाला: पक्का पुरावा पायजे तर ओस्कर कोकोश्का वाचा. ऑस्ट्रियाचा मोठा पेंटर, आल्मा मालर सोडून गेली म्हणून गड्यानं १९१८ ला म्युनिकच्या हर्मिने मोस या बाहुल्या करणाऱ्या बाईला आल्माची मापं, चित्रं आणि पत्रावर पत्रं धाडली, कातडी हाताला कशी लागली पायजे इथपर्यंत. १९१९ ला पेटी उघडली तर अंगभर केसाळ, अस्वलागत! तरीपण त्यानं तिची चित्रं काढली, आणि शेवटी पार्टीत दारू ओतून मुंडकं उडवलं. सकाळी पोलीस दारात, बागेत मुडदा पडलाय म्हणून.

रंकाळा_कट्टा: आयला 😂 आणि ते जहाजावरचे खलाशी चिंध्यांच्या बाहुल्या न्यायचे म्हणतात ते?

गंगावेस१२: जो तो दुसऱ्याचं बघून लिहितो त्यातलं ते. रबरी बाहुल्या पॅरिसला मिळतात असं मात्र इवान ब्लोख या बर्लिनच्या डॉक्टरनं १९०७ ला लिहून ठेवलंय. जपानात ओरिएंट इंडस्ट्री ही असल्या बाहुल्यांची कंपनी १९७७ ला निघाली, आणि आत्ता दिसतात तसल्या सिलिकॉनच्या अमेरिकेत मॅट मॅकमुलननं नव्वदच्या दशकात काढल्या.

वकील_शाहूपुरी: आमच्या वकिलीत यावर केसच हाय, कॉनगेट नावाच्या कंपनीची. १९८२ ला जर्मनीहून फुगवायच्या बाहुल्या इंग्लंडला आल्या, कागदावर काय तर दुकानाच्या काचेत उभे करायचे पुतळे! कस्टमनं अश्लील म्हणून माल धरला. १९८६ ला युरोपियन कोर्ट म्हणालं, तुमच्या देशात हाच माल बनवायला नि विकायला बंदी नाही, मग नीतीच्या नावाखाली बाहेरचा कसा अडवता? महाद्वार रोडवरच्या साडीवाल्यांना असला पुतळा कुणी खपवला असता तर काय झालं असतं ते अंबाबाईलाच म्हाईत.