भाड्याचं घर : गीझर, एसी, फ्रीजचा खर्च कोणाचा? तुमचे अनुभव लिहा

घर भाड्याने घेताना भाडं, डिपॉझिट, ब्रोकरेज यावर घासाघीस होते. गीझर बिघडला तर पैसे कोण देणार, हा विषय मात्र गीझर बिघडल्यावरच निघतो. लीव्ह अँड लायसन्सच्या (ठरावीक मुदतीसाठी राहण्याची फक्त परवानगी देणाऱ्या) करारात 'नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता' असे शब्द असतात आणि दोघंही ते आपल्या सोयीने वाचतात. माझं मत सांगून टाकते : वापरामुळे येणारा खर्च राहणाऱ्याचा, वस्तूचं आयुष्यच संपलं तर मालकाचा. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. घरमालकांनीही जरूर लिहा.

भाडेकरू, वाकड
आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो, तर गीझरचं काय होत असेल! आधी आतून खडखड आवाज यायचा, मग बटण दाबलं की एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडायला लागला. मेकॅनिकने कॉइल बाहेर काढून दाखवली. तिच्यावर क्षारांचे जाड पापुद्रे, आणि त्याखाली एके ठिकाणी धातू चिरलेला. मालक म्हणाले, "वापरता तुम्ही, तर खर्चही तुमचाच." मी त्यांना कॉइलचा आणि टाकीवरच्या लेबलचा फोटो पाठवला. लेबलवर बनावटीचं वर्ष असतं. गीझर आम्ही येण्याच्या बराच आधीचा होता. मग बोलून ठरलं : कॉइल आणि मजुरी आमची, टाकी गळली तर नवा गीझर त्यांचा. हे मी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून त्यांचं 'ओके' घेतलं. पुढच्या पावसाळ्यात टाकी गळलीच. मेसेज पुढे केला, त्यांनी वाद न घालता ती रक्कम भाड्यातून वळती करायला सांगितली. माणूस वाईट नव्हता, आधी काही ठरलेलंच नव्हतं.

घरमालक, नाशिक
दुसरी बाजूही ऐका. या फ्लॅटच्या भाड्यावर आमचं निवृत्तीनंतरचं घर चालतं. चालू स्थितीतला एसी दिला होता. भाडेकरूंनी त्याची जाळी एकदाही धुतली नाही, धुळीने ती पार बुजली होती. कूलिंग होत नाही म्हणून तसाच रात्रंदिवस चालवला आणि शेवटी कंप्रेसर गेला. कंप्रेसरचा खर्च मी का सोसायचा? आता वर्षाची सर्व्हिसिंग मीच करून घेते, भाडं ठरवतानाच तो खर्च धरते. त्या निमित्ताने घरही बघून होतं.

ठाणे
कायद्याचं थोडं लिहितो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मात्र हे कायद्याच्या अर्थाने जो भाडेकरू आहे त्याच्यासाठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी याच्या भरवशावर राहू नये, त्यांना आधार करारातल्या अटींचाच. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या परिशिष्टात तर गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे आणि वायरिंग मालकाकडे दिली आहे. तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, पण वाटणीचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. कराराला उपकरणांची यादी जोडा, त्यात कंपनी, मॉडेल आणि सध्याची स्थिती लिहा. नुसतं 'एसी 1 नग' लिहून काही उपयोग नाही.

श्टुटगार्ट, जर्मनी
इथे कित्येक घरं स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय, सिंकशिवायच मिळतात. आधीचे भाडेकरू आपलं किचन काढून नेतात किंवा नव्या माणसाला विकतात. आम्हीही तसंच विकत घेतलं, त्यामुळे शेगडी बिघडली की खर्च आमचाच. मालकाच्या वस्तूंसाठी करारात बहुधा किरकोळ दुरुस्तीची अट असते : साधारण 100 युरोच्या आतली दुरुस्ती भाडेकरूची, त्यावरची मालकाची. ही आकड्याची रेघ मला फार पटली. आपल्याकडेही करारात घालायला काय हरकत आहे?

कोथरूड, चौघी मैत्रिणी
वॉशिंग मशीन वर्गणी काढून घेतलं. एक जण मध्येच सोडून गेली तेव्हा जागेवर येणाऱ्या मुलीने तिचा वाटा वापराप्रमाणे कमी करून दिला. फ्रीज मात्र महिन्याच्या भाड्याने आणलाय, बिघडला की भाड्याने देणारेच बदलून देतात.

सोलापूर
इन्व्हर्टरच्या बॅटरीचं काय? मालक म्हणतात पाणी घातलं नाही म्हणून गेली. आम्ही वेळच्या वेळी घालत होतो.

भाडेकरू, वाकड
@सोलापूर, बॅटरीवर तारखेचा शिक्का आणि सोबत वॉरंटी कार्ड असतं, आधी ते मागा. वॉरंटीत असेल तर कोणालाच भुर्दंड नाही. नसेल तर नवी बॅटरी मालकांची, कारण ती तुमच्यानंतरही त्याच घरात राहणार आहे. डिस्टिल्ड वॉटरच्या पावत्या असतील तर सोबत जोडा.