स्पीकर बसवल्यापासून काच तिरकी चढते

प्रश्न : गाडीच्या पुढच्या दारांत नवे स्पीकर आणि डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारी चिकट शीट) बसवून घेतल्यापासून चालकाच्या बाजूची काच तिरकी चढते आणि वर टेकण्याआधीच थांबून परत खाली येते. मोटर बदलावी लागेल का?

उत्तर १ : मोटरला इतक्यात हात लावू नका. काच अर्धी खाली आणली की दाराच्या पत्र्यातील छिद्रांतून तिला रेग्युलेटरशी (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेशी) जोडणारे बोल्ट बहुतेक गाड्यांत दिसतात. ते किंचित सैल करून, काच दोन्ही तळहातांनी रबरी खाचेत सरळ बसवून मगच ते आवळावेत.

उत्तर २ : त्याआधी टॉर्चने आत पाहावे. माझ्या गाडीत शीटचा बोटभर कोपरा सुटून काचेला चिकटला होता आणि मी उगाच बोल्टांशी झटत बसलो होतो. दाराच्या तळाची पाणी निचरण्याची छिद्रे शीटने बुजली नाहीत ना, हेही पाहावे.

प्रश्नकर्ता : बोल्टच सैल होते, काच आता सरळ चढते, मात्र एकदा बटण ओढून सोडल्यावर पूर्ण बंद होत नाही.

उत्तर १ : कामासाठी बॅटरी काढली असल्यास असे होते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरावे. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.